मालक, मुकादम आणि मजूर

माणूस कामावर घेण्यासाठी आपल्या भाषेत जितके शब्द आहेत, तितके मालकांचे स्वभाव आहेत. दुकानात पोऱ्या 'ठेवतात', बांधकामावर माणसे 'लावतात', फौजेत 'भरती' होते, शाळेत 'नेमणूक' होते. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून 'मनुष्यबळ' हा शब्द रूढ झाला आहे. तो आम्हांला कधीच रुचला नाही. अश्वबळ मोजावे तसे मनुष्याचे बळ मोजावे आणि हवे तेवढेच विकत घ्यावे, अशी समजूत त्यात दडलेली आहे. अडचण एवढीच की, मागणी बळाची केली तरी दारात येऊन उभा राहतो तो माणूस. आपले आजारपण, आपली म्हातारी आई आणि आपली भीती बरोबर घेऊन.

चांगली माणसे कशी निवडावीत आणि कामाच्या जागी निकोप वातावरण कसे निर्माण करावे, या विषयावर आपल्या पुणे शहरात व्याख्यानांना तोटा नाही. त्यांत बहुधा उमेदवाराची पारख कशी करावी हेच सांगितले जाते. आमच्या मते हा प्रश्न मुळात नैतिक आहे, आणि तो उमेदवाराविषयी असण्यापेक्षा मालकाविषयी अधिक आहे. घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण कोणाला बसवतो? आणि त्याला काही सांगायचे झाल्यास ते आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपण ठेवली आहे काय?

हे प्रश्न पुण्याने २०२४ साली फार जवळून पाहिले. त्या वर्षी मार्च महिन्यात केरळातील एक ख्रिस्ती तरुणी सनदी लेखापालाची कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन येथील एका जगद्विख्यात लेखापरीक्षण संस्थेत रुजू झाली. तिची ही पहिलीच नोकरी. जुलैमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ती मरण पावली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने त्या संस्थेच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. रात्री-अपरात्री आणि रविवारीही काम, वरिष्ठांचा न संपणारा तगादा, आणि अखेर मुलीच्या अंत्यविधीस संस्थेतून एकही माणूस न येणे, असा त्या पत्राचा आशय होता. कामाचा ताण हे मृत्यूचे कारण आहे असे आपण मानत नाही, असे संस्थेने म्हटले. अंत्यविधीस कोणी गेले नाही याबद्दल मात्र प्रमुखांनी खेद व्यक्त केला. पुढे कामगार खात्याचे अधिकारी येथील कार्यालयात गेले, तेव्हा दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली कार्यालयाची नोंदणीच झालेली नाही, असे त्यांना आढळले. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा २०१७ च्या त्या अधिनियमातच घातलेली होती. (सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने नवाचे दहा तास करण्यास मंजुरी दिली. असो.)

मृत्यूचे कारण ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. निवडीच्या दृष्टीने पाहिले तर येथे काहीच चुकले नव्हते. मुलगी हुशार, कष्टाळू, परीक्षेत पारखून निघालेली. कोणत्याही निवड समितीने तिलाच घेतले असते. आणि तरीही, ती कशी राहते, कधी झोपते, हे संस्थेच्या प्रमुखांच्या कानी गेले ते तिला मूठमाती दिल्यानंतर, आणि तेही तिच्या आईच्या पत्राने. अधल्यामधल्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांपैकी कोणालाच ते वर सांगावेसे का वाटले नसावे?

कामावर माणसे घेण्याची एक गोष्ट आपण प्रत्येकाने चर्चमध्ये ऐकलेली आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील, विसाव्या अध्यायातील, द्राक्षमळ्याच्या धन्याचा तो दाखला. त्यावरील प्रवचन बहुतेक वेळा मजुरीवर येऊन थांबते: दिवसभर राबलेल्याला एक दीनार आणि तासभर राबलेल्यालाही एकच दीनार, हा न्याय की अन्याय? परंतु गोष्टीच्या पूर्वार्धातील एक तपशील आपण सहसा ओलांडून जातो. त्या धन्याकडे कारभारी होता. संध्याकाळी मजुरी वाटण्याची आज्ञा त्यालाच होते. असे असूनही मजूर आणायला धनी कारभाऱ्याला पाठवीत नाही, स्वतः जातो. पहाटे जातो, नऊच्या सुमारास जातो, दुपारी बारा व तीन वाजता जातो, आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना पाचव्यांदा चौकात जाऊन उभा राहतो. तेथे उरलेल्या माणसांना तो विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का? आम्हांला कोणी घेतलेच नाही, असे ते सांगतात.

हे उत्तर कारभाऱ्याकरवी धन्यापर्यंत कधीच आले नसते. दहा माणसे आण म्हटल्यावर कारभारी दहा धडधाकट माणसे आणतो आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असते. डांगे चौकात किंवा वारज्याला सकाळी मजूर अड्डा भरतो. तेथे मुकादम येतात आणि दंड-मनगट पाहून माणसे टेम्पोत चढवतात. ऊन चढेपर्यंत मागे राहतात ती बहुधा वयस्क माणसे, आणि कडेवर मूल असलेल्या बाया. मुकादमाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्याला संध्याकाळपर्यंत स्लॅब पुरा करायचा असतो, आणि स्लॅबखेरीज दुसरे काही त्याला कोणी विचारलेले नसते.

त्याच दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना राग आला ते धन्याच्या तोंडावर बोलले. त्याने निर्णय बदलला नाही; पण त्यांच्यापैकी एकाला मित्र म्हणून हाक मारली आणि आपल्या करण्याचे कारण समजावून सांगितले. कुरकुर करणाऱ्यांचा दीनार कापला, असे गोष्टीत कोठेही नाही. निकोप कार्यस्थळाची याहून सोपी खूण आम्हांला तरी ठाऊक नाही.

मराठी मुलखात अशा धन्याच्या जातीचा एक कारखानदार होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवीत असताना त्यांना बढतीत डावलण्यात आले, आणि त्यांनी नोकरी सोडली. निवड अन्यायाची असली म्हणजे कसे वाटते याची चव त्यांनी घेतलेली होती. बेळगावात नांगर बनवून झाल्यावर १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे त्यांनी जमविलेली माणसे पाहावीत. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले. ते कल्पक यंत्रज्ञ झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले. वसाहतीचा पहारा लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती सोपविला. ज्या काळी सरकारचा कायदा जमातीच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवीत होता, त्या काळातील ही नेमणूक आहे. ही माणसे विश्वासास उतरली, हे पुढचे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, कोणत्याही मुकादमाने ती निवडली नसती. मालक स्वतः चौकात गेला म्हणून ती सापडली.

कोणी म्हणेल, माळावरची ती वस्ती लहान होती आणि मालक प्रत्येकाला नावाने ओळखत होता. हजारो माणसांच्या कारखान्यात हे कसे साधावे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. १९७४ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने टेल्कोची एक जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत म्हटले होते. तिने संतापून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. तिला पुण्यात मुलाखतीस बोलावणे आले, आणि ती टेल्कोची पहिली स्त्री अभियंता झाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून सर्वपरिचित झालेल्या लेखिका त्या ह्याच. ही गोष्ट मुलींच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र त्या पोस्टकार्डाच्या प्रवासाचा विचार करीत राहतो. अनोळखी विद्यार्थिनीचे रागावलेले पोस्टकार्ड एवढ्या मोठ्या उद्योगसमूहात खालच्या खाली केराच्या टोपलीत गेले नाही, हे त्या उद्योगाचे मोठेपण.

तथापि एका दारातून आत आलेला वारा सगळ्या घरात खेळतोच असे नाही. त्याच टेल्कोच्या पुण्यातील कामगारांचा संघर्ष पंधरा वर्षांनी विकोपाला गेला, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणास बसले. पोलिसांनी त्यांना तेथून हलविले. त्या लढ्यात कोणाचे किती चुकले याचा निवाडा येथे नको. बोलण्याची वाट धन्याच्या चांगुलपणावरच अवलंबून राहिली तर ती केव्हाही बुजते, एवढे त्यावरून दिसते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या विश्वपत्रात कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला, तो आम्ही या अर्थाने वाचतो. जो मालक पाच वेळा चौकात जाऊ शकत नाही, त्याच्याकडे चौकाने यावे, अशी सोय हवी. संघटनेला शत्रू समजणारा मालक स्वतःच्याच कानात बोळे घालतो. आणि जेथे संघटना नाहीत, अशी काचेच्या इमारतींतील कार्यालये आज पुण्यात किती तरी आहेत, तेथे ही वाट कोण ठेवणार, हा प्रश्न तर उघडाच आहे.

वरच्या माणसाला कटू ऐकवणारे आणखी एक पत्र पुण्याच्या उद्योगाला माहीत आहे. थरमॅक्सचे प्रमुख रोहिंटन आगा १९९६ साली वारले आणि अनू आगा यांनी कंपनीची धुरा हाती घेतली. पुढच्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा गेला. कंपनीची घसरण चालू असताना एका भागधारकाचे निनावी पत्र आले: तुम्ही आम्हांला निराश केले आहे, अशा अर्थाचे. निनावी पत्र फाडून टाकणे सर्वांत सोपे असते. अनूताईंनी ते मनाला लावून घेतले, बाहेरच्या सल्लागारांना बोलावले आणि संचालक मंडळाची फेररचना केली. तीत घरच्या माणसांच्या जागाही सुटल्या नाहीत. मुकादम बदलणे अवघड असतेच. मुकादम घरातला असला म्हणजे ते किती अवघड, हे कौटुंबिक धंदा करणाऱ्याने सांगावे.

येथे आपल्याच अंगणात डोकावणे भाग आहे. आपला समाज जसा नोकरदारांचा तसा मालकांचाही आहे. शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आपण चालवतो, आणि त्यांत माणसे नेमतो. नेमणुकीच्या वेळी फादरांची चिठ्ठी, धर्मग्रामातील ओळख, 'आपला माणूस आहे' ही शिफारस, यांचे वजन किती असते हे वाचकांना सांगायला नको. ओळखीने गरजवंताला काम मिळत असेल तर ते आम्ही पाप मानत नाही. शेवटच्या तासाला चौकात उरलेल्यांपैकीच तो एक असू शकतो. परंतु चिठ्ठीने आलेला माणूस पुढे तोंड उघडू शकत नाही. वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर ठेवलेल्या शिक्षिकेने विचारणा केली की, तिला सेवाभावाची आठवण करून दिली जाते. सेवा ही स्वखुशीने करायची गोष्ट. ती दुसऱ्याच्या पगारातून कापून घेता येत नाही.

म्हणून धुरीणाने आपला सर्वाधिक वेळ मधल्या माणसाच्या निवडीला द्यावा, असे आम्हांला वाटते. आपल्याकडे ही जागा बहुधा उत्तम कारागिराला बक्षीस म्हणून मिळते. तो स्वतः बारा तास राबत आला, म्हणून बारा तास राबणे त्याला स्वाभाविक वाटते, आणि सहा वाजता घरी निघालेली मुलगी त्याच्या डोळ्यांवर येते. अशा जागेसाठी आलेल्या माणसाला त्याने काय काय केले हे विचारून भागत नाही. त्याच्या हाताखाली कोण कोण होते, ते आज कोठे आहेत, त्यांतले किती सोडून गेले आणि का, हे विचारावे. आणि शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकदोघांना स्वतः जाऊन भेटावे. याला एखादा दिवस लागतो. आणि त्याला नेमल्यावर संध्याकाळी हिशेब घेताना फक्त स्लॅबविषयीच विचारायचे की आणखी कशाविषयी, तेही ठरवावे लागते. कारण ज्या व्यवस्थापकाविषयी त्या आईने लिहिले, त्याच्याही वर कोणी होते, आणि संध्याकाळी त्यालाही काहीतरी विचारले जात असणारच.