अटिला तत्सम, एत्सेल तद्भव

अटिला म्हटलं की शहरं जाळणारा, रोमन सम्राटांकडून खंडणी उकळणारा हूणांचा राजा डोळ्यांपुढे येतो. इ. स. १२००च्या सुमारास रचलेल्या ‘निबेलुंगेनलीड’ या जर्मन महाकाव्यात मात्र तो एत्सेल या नावानं भेटतो, आणि ओळखूच येत नाही. परागंदा वीरांना आसरा देणारा, हात सैल सोडणारा हा यजमान. त्याच्या दरबारात ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती आपापल्या धर्मानं नांदतात. पहिल्या नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला राणी क्रीमहिल्ड माहेरच्यांना मेजवानीला बोलावते, याची त्याला गंधवार्ताही नसते. काव्य संपतं तेव्हा तो प्रेतांमध्ये रडत उभा असतो.

कवींना इतिहास ठाऊक नव्हता, म्हणून क्रूरकर्म्याचा भोळा सांब झाला, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही, कारण एत्सेल हे नावच त्याविरुद्ध साक्ष देतं.

लॅटिन बखरींत अटिलाच आहे. पोथीतून उचललं असतं तर नाव तसंच राहिलं असतं. पण दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास जोड ‘त’चा ‘त्स’ झाला. इंग्रजीतला ‘सेट’ जर्मनमध्ये ‘झेत्सेन’ होतो तो त्यामुळेच. पुढे ‘इ’च्या ओढीनं आधीचा ‘अ’ ‘ए’कडे सरकला. या दोन्ही घाण्यांतून पिळून निघालेलं नाव एत्सेल. म्हणजे अटिला ४५३ साली मेल्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी होतं. कृष्ण आणि कान्हा यांतला फरक ज्याला कळतो त्या मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको.

अटिला हे नाव बहुधा गॉथिकच, म्हणजे गॉथ या जर्मनिक टोळ्यांच्या भाषेतलं. त्या भाषेत ‘अत्ता’ म्हणजे बाप, आणि ‘इला’ हा लाडाचा प्रत्यय. आपल्याकडे बापाचा बापू होतो, तसंच काहीसं. चौथ्या शतकात बायबल गॉथिकमध्ये नेणारा वुल्फिला याच धाटणीनं ‘छोटा लांडगा’ ठरतो. काही अभ्यासक नावाचं मूळ तुर्की भाषांत शोधतात. पण गॉथांच्या कानाला तरी त्यात बाप ऐकू येत असणार.

आणि हे गॉथ, निदान त्यांची पूर्वेकडची शाखा, अटिलाच्या पदरी होते. ४५१मध्ये कॅटालॉनच्या मैदानावर रोमनांविरुद्ध ते त्याच्या बाजूनं लढले. त्यांच्या सरदारांपैकी थिउदिमेरचा मुलगा थिओडोरिक म्हणजेच दंतकथेतला दीत्रिख. काव्यात तो एत्सेलच्या आश्रयाला आहे. खरा थिओडोरिक जन्मला तेव्हा अटिला बहुधा मरून गेला होता. बापाची चाकरी मुलाच्या नावावर चढली, असं मी मानतो. कालगणना चुकली, पण धन्याची आठवण चाकरांच्या बाजूनं शाबूत राहिली. आइसलँडच्या ‘एड्डा’ या जुन्या काव्यसंग्रहातला अत्ली हा तोच राजा, तिथे मात्र तो सोन्यासाठी मेहुण्यांना दगा देऊन मारतो.

बाहेरच्या एका माणसानंही त्याला जवळून पाहिलं होतं. ४४९ साली रोमन वकिलातीबरोबर गेलेल्या प्रिस्कसनं अटिलाच्या मेजवानीचं वर्णन लिहून ठेवलंय. पाहुण्यांपुढे चांदीची ताटं, हातात सोन्या-चांदीचे पेले. राजापुढे लाकडी ताटात नुसतं मांस, आणि पेलाही लाकडीच. प्रिस्कस शत्रूपक्षाचा, तरी ताटाकडे त्याचं लक्ष गेलं. एत्सेलची दानत निव्वळ कविकल्पना मानणाऱ्यांनी हे पान एकदा उघडावं.

‘निबेलुंगेनलीड’च्या बहुतेक हस्तलिखितांत पुढे ‘क्लागे’ नावाचं शोककाव्य जोडलेलं असतं. त्यात कोण कसा मेला आणि कोणाला कुठे पुरलं, याचा हिशेब सविस्तर दिलाय. एत्सेलचं पुढे काय झालं हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, असं तो कवी सांगतो.