झोपेचा वाटा

‘माझी आई’ हा निबंध आम्ही मास्तर लोक दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. ‘मी तान्हा असताना ती माझ्यासाठी रात्र रात्र जागली’ हे वाक्य बहुतेक वह्यांत असतेच. त्यापुढे लाल शाईने ‘तेव्हा वडील काय करीत होते?’ असे विचारावेसे मला पुष्कळदा वाटते.

तान्हे मूल दिवसाचे १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते, आणि रात्र कशाला म्हणतात हे त्याला पहिले काही आठवडे ठाऊकच नसते. घरात सर्वांत अधिक झोपणारे तेच आणि सर्वांची झोप मोडणारेही तेच!

पूर्वी यावर एक तोड होती. पहिलटकरीण माहेरी जाई. दहा दिवस सोयर, म्हणून तिने कशाला शिवायचे नाही. सव्वा महिना चुलीपाशी फिरकायचे नाही. मूल आई, आजी, मावशी आळीपाळीने घेत. पण या व्यवस्थेचे फार गोडवे गाऊ नयेत. बाळंतिणीला बाजूला बसवीत ते ती थकली म्हणून नव्हे, तर विटाळ म्हणून. विसावा मिळे, पण तो मागच्या दाराने. आणि मोलमजुरी करणाऱ्या बाईला तर तोही पुरता मिळत नसे.

विटाळ गेला हे उत्तम झाले. मात्र त्याच्याबरोबर विसावाही गेला. १९६१ च्या कायद्याने नोकरदार बाईला प्रसूतीची रजा दिली. २०१७ साली ती १२ आठवड्यांवरून २६ वर नेली. पण ही रजा कचेरीतून मिळते, रात्रीतून नाही.

“मला सकाळी कामाला जायचे आहे,” असे म्हणून नवरा कूस बदलतो. कमावणाऱ्याची झोप महाग आणि पाजणारीची स्वस्त, हा भाव कोणी ठरवला? पाजणे आईवाचून होत नाही, कबूल. पण ढेकर काढणे, दुपटे बदलणे, खांद्यावर घेऊन येरझारा घालणे यांना आईच हवी असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आपण तिच्या त्यागाची स्तुती करतो, कारण स्तुती फार स्वस्त पडते. उठावे लागत नाही!

आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने घरी पहारे वाटून घेतले आहेत. रात्री नऊला पाजून झाले की मूल त्याच्याकडे. बायको तीन-चार तास सलग झोपते. त्याच्या आईला हे रुचले नाही. “आम्ही नाही का चार वाढवली?” त्याने एवढेच विचारले, “आई, तेव्हा रात्री आम्हाला कोण घेई गं?” म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझी आई.” हल्ली पहाटे चारचा पहारा तिचा आहे, नाही तरी तिला तेव्हा जाग येतेच.

मधल्या सुट्टीत तो शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर आडवा होतो. आम्ही चहा व्हरांड्यात घेतो.