निम्म्या वाट्याचा शोध

इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर एक खटला उभा राहिला. आरोपी ओरेस्टीस. आईचा खून केल्याचं तो नाकारत नव्हता. एस्किलसच्या त्या नाटकात त्याची बाजू मांडायला खुद्द अपोलो देव येतो आणि भलताच मुद्दा काढतो: आई ही मुलाची जन्मदाती नसतेच. जन्म देतो तो बाप. त्यानं पेरलेला अंकुर आई सांभाळते, इतकंच. मग आईला मारणं हा रक्ताच्या नात्यातला खून कसा? मतं समसमान पडतात आणि ओरेस्टीस सुटतो.

नाटकातला वकिली डाव म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांचं मतही याहून फार वेगळं नव्हतं. पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलनं कोंबडीची अंडी फोडून आतला गर्भ कसकसा वाढतो ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी हृदयाचा लाल ठिपका कसा हलतो, हेही टिपलं. इतका बारकाईनं पाहणारा माणूस, पण निष्कर्ष मात्र असा की संततीला आकार देतो तो नर, मादी फक्त द्रव्य पुरवते. इकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज आणि दोहोंत बीज श्रेष्ठ, अशी मांडणी आहे. शेतीवर जगणाऱ्या समाजाला ती पटणं साहजिक होतं. जमीन काळी असो की मुरमाड, ज्वारी पेरली की ज्वारीच उगवते.

या उपमेतच एक घोटाळा होता. शेतकरी पेरतो तो ज्वारीचा दाणा हा ‘बाप’ नव्हेच. पराग आणि बीजांड यांच्या मीलनातून तयार झालेला गर्भ त्याच्या पोटात आधीच असतो. म्हणजे शेतात पडतं ते तयार अपत्य. पण वनस्पतींनाही नर-मादी असतात, हेच जिथे पक्कं ठाऊक नव्हतं, तिथे उपमा चुकली असं म्हणणार कोण?

सगळेच एका बाजूला होते असंही नाही. हिपोक्रेटिसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य आई आणि बाप दोघांचंही बीज असतं असं मानत. चरकसंहितेत तर गर्भाच्या अवयवांची चक्क वाटणी आहे: त्वचा, रक्त, मांस, मेद, हृदय हे आईकडून, केस, नखं, दात, हाडं हे बापाकडून. आजच्या कसोटीवर ही यादी टिकत नाही. पण आईचा वाटा नाव घेऊन नोंदवणारी ही वैद्यांची दृष्टी धर्मशास्त्रकारांपेक्षा वेगळी होती, हे विसरता येत नाही. रोज बाळंतिणी पाहणाऱ्याला ‘नुसतं शेत’ हे उत्तर पुरत नसावं.

मग सतराव्या शतकात भिंगं आली आणि वादाला तोंड फुटलं. गंमत म्हणजे दोन्ही पक्षांचा पुरावा डेल्फ्ट या एकाच डच गावातून आला. १६७२ मध्ये तिथल्या रेनियर द ग्राफ या तरुण वैद्यानं सशाच्या अंडाशयावरचे फुगवटे दाखवून सांगितलं की स्त्रीलाही अंडी असतात. त्यानं पाहिलेले फुगवटे म्हणजे अंडी नव्हेत, अंड्यांभोवतीच्या पिशव्या होत्या; पण दिशा बरोबर होती. पाच वर्षांनी, १६७७ मध्ये, त्याच गावातल्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं वीर्याच्या थेंबात वळवळणारे असंख्य शेपटीवाले जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. नमुना आपल्या वैवाहिक संबंधातून मिळालेला आहे, पापाचा नाही, असा खुलासा करायला आणि विषय किळसवाणा वाटला तर पत्र बाजूला ठेवा असं सुचवायला तो विसरला नाही.

आता विद्वानांचे दोन तट पडले. एक म्हणे, अख्खं मूल सूक्ष्म रूपात अंड्यात बसलेलं असतं. दुसरा म्हणे, शुक्रजंतूत. हार्टसुकर यानं १६९४ मध्ये शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या इवल्याशा माणसाचं चित्रच छापलं. भांडण कडाक्याचं होतं, पण एका गोष्टीवर दोन्ही तट एकमतानं उभे होते: मूल कुणा तरी एकाचंच. दोघांचं असेल, ही शक्यताच फारशी कुणी धरली नाही. मग मुलाचं नाक आईसारखं आणि कपाळ बापासारखं का, या आज्यांना ठाऊक असलेल्या प्रश्नाला त्यांच्यापाशी धड उत्तर नव्हतं.

या गुंत्यातला सगळ्यात बोलका प्रयोग लाझारो स्पालान्झानी या इटालियन पाद्र्याचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यानं बेडकांच्या नरांना मेणकापडाच्या घट्ट चड्ड्या शिवून घातल्या. चड्डी घातलेला नर मादीला नेहमीसारखाच मिठी मारून बसला, मादीनं अंडीही घातली. पण त्यांतून बेडकाचं एकही शेपटीवालं पिल्लू निघालं नाही. मग स्पालान्झानीनं चड्डीत साठलेले थेंब ताज्या अंड्यांवर लावले, आणि ती अंडी वाढू लागली. पुढे त्यानं वीर्य टीपकागदातून गाळलं. गाळून खाली आलेल्या पाण्यात जोर उरला नाही. कागदावर राहिलेला गाळ अंड्यांना लावला की गर्भ धरत होता. एका कुत्रीला पिचकारीनं वीर्य देऊन त्यानं ६२ दिवसांनी तीन पिल्लंही मिळवली. उत्तर अक्षरशः कागदावर पडलेलं होतं. तरी शुक्रजंतू हे वीर्यातले उपरे परजीवी, त्यांचा गर्भाशी संबंध नाही, यावर तो ठाम राहिला. मूल अंड्यातच तयार असतं, हे त्यानं आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. प्रीव्होस्ट आणि ड्युमा यांनी १८२४ मध्ये तसाच गाळणीचा प्रयोग करून शुक्रजंतूंना त्यांचं श्रेय दिलं.

कोंडी खरी फुटली ती वनस्पतींमुळे. फुलांना लाज नसते आणि त्यांचे प्रयोग बागेत उघड्यावर करता येतात. खजुराच्या मादीझाडावर नराचा फुलोरा झटकण्याची कला मेसोपोटेमियातल्या शेतकऱ्यांना हजारो वर्षं अवगत होती, पण त्यातून सिद्धांत निघाला नव्हता. तो मांडला ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कॅमेरारियसनं, १६९४ मध्ये. त्याच्या प्रयोगातलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे: एरंड. बांधावरच्या एरंडाचा तुरा जवळून पाहिला तर वरच्या अंगाला लाल झुबक्यांची मादीफुलं दिसतात आणि खाली पिवळट पुंकेसरांची नरफुलं. कॅमेरारियसनं नरफुलं उमलण्याआधीच खुडून टाकली. बोंडं धरली, पण ती पोकळ निघाली. बी एकातही नव्हतं.

पुढचं पाऊल टाकलं योसेफ कोलरॉयटरनं. १७६० च्या सुमारास त्यानं तंबाखूच्या दोन जातींचा संकर केला. आधी एका जातीचा पराग दुसरीच्या फुलावर टाकला, मग उलट केलं. ‘बीज’च श्रेष्ठ असतं तर पहिल्या संकरात एका जातीची छाप दिसायला हवी होती आणि दुसऱ्यात दुसरीची. प्रत्यक्षात दोन्ही संकर सारखेच निघाले, मूळ जातींच्या अधलेमधले. पराग कुणाचा आणि बीजांड कुणाचं, यानं काही फरक पडत नव्हता. शंभर वर्षांनी ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्यावर हेच अधिक काटेकोरपणे दाखवलं आणि आकड्यांत मांडलं. १८६६ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधाकडे पुढची ३४ वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. नर आणि मादी दोघंही प्रत्येक गुणाचा एकेक अंश देतात, हा त्यातला सरळ अर्थ.

प्राण्यांतही तोवर पुरावे गोळा होत होते. कार्ल फॉन बेअरनं १८२७ मध्ये सस्तन प्राण्याचं खरं अंडं पहिल्यांदा पाहिलं. त्यासाठी त्याच्या सहकाऱ्याच्या घरच्या कुत्रीचा बळी गेला. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगनं भूमध्य समुद्रातल्या सागरी साळिंदराच्या काचेसारख्या पारदर्शक अंड्यात शुक्रजंतूचं केंद्रक आणि अंड्याचं केंद्रक एकमेकांकडे सरकून एक होताना दाखवलं. दोन केंद्रकं, एक गर्भ. अपोलोच्या युक्तिवादाला उत्तर मिळायला तेवीसशे वर्षांहून अधिक काळ लागला.

एक प्रश्न तरीही उरला होता आणि तो घराघरांत रोज विचारला जात होता: मुलगा की मुलगी, हे ठरवतं कोण? आयुर्वेदात शुक्र अधिक तर मुलगा, आर्तव अधिक तर मुलगी असं उत्तर होतं. युरोपात शरीराची उष्णता, गर्भाशयाची उजवी-डावी बाजू, आईचा आहार अशी नाना कारणं सांगितली जात. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटं. अंडी सगळी एकसारखी, शुक्रजंतू मात्र दोन प्रकारचे. छोटं गुणसूत्र असलेला शुक्रजंतू अंड्याला भिडला तर नर, मोठं असलेला भिडला तर मादी. माणसातही हेच होतं. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासरचा दावा तेव्हाच निकालात निघाला, निदान प्रयोगशाळेत.

निसर्ग मात्र एकाच नियमानं बांधलेला नाही. केळीला मुनवे फुटतात आणि पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपं येतात, तिथे नर-मादीचा संबंधच नाही. मावा किडीची मादी नराशिवाय पिल्लं घालते, हे चार्ल्स बॉनेनं १७४० मध्येच एका मादीला जन्मापासून एकटं ठेवून सिद्ध केलं होतं. रत्नागिरीच्या वेळास किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत तर पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त. मग बहुतेक प्राणी आणि वनस्पती दोघांची भानगड का पत्करतात? जीवशास्त्रज्ञांचं एक प्रमुख उत्तर असं की दोघांच्या गुणांची दर पिढीत नवी सरमिसळ होते, आणि रोग किंवा हवामान बदललं तर त्या वैविध्यातलं काही ना काही तगून राहतं.

महाराष्ट्रात गर्भधारणेचं हे ज्ञान घराघरांत नेऊ पाहणाऱ्यांना फार सोसावं लागलं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले झेलले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. गर्भधारणा कशी होते हे बाईला कळलं तरच तिला ती टाळताही येईल, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे शास्त्रानं गर्भधारणा शरीराबाहेरही घडवून आणली. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी समिती बसली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूच्या यशातून जन्मलेलं बाळ भारतातलं पहिलं ठरलं. पुढे याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असं जाहीरपणे सांगितलं.

पण यंत्र नवं आलं म्हणून समज नवी येतेच असं नाही. सोनोग्राफी आणि गर्भजलपरीक्षा हाती येताच त्यांचा वापर मुली पाडण्यासाठी होऊ लागला. त्यावर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. मूल राहत नाही म्हटलं की आजही आधी सून दवाखान्यात जाते. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, कधी दुर्बिणीतून तपासणी, शिवाय उपासतापास आणि नवस, हे सगळं तीच करते. नवऱ्याची वीर्यतपासणी यातल्या बहुतेक तपासण्यांपेक्षा सोपी आणि स्वस्त असते, तरी ती शेवटी होते किंवा होतच नाही. दोष पुरुषातही असू शकतो, किंवा दोघांतही. तेव्हा ज्यांच्या घरात हा प्रश्न असेल त्यांनी पहिल्याच भेटीला दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं, आणि दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू कराव्यात.