आधी आकडा बोला

लग्नाच्या बैठकीत मुलाकडचं थोरलं माणूस हमखास एक वाक्य बोलतं. “आम्हाला काही नको. फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या.” बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही खोट नसते. आपण हुंडा मागत नाही याचा त्यांना अभिमान असतो आणि तो असायलाच हवा. पण समोर बसलेल्या मुलीच्या बापाला त्या वाक्यात कुठेच आकडा सापडत नाही. चांगलं म्हणजे किती माणसांचं, कोणत्या कार्यालयातलं, एका वेळच्या जेवणाचं की दोन वेळच्या, हे कोणी सांगत नाही आणि विचारायला त्याची जीभ रेटत नाही. तो मान हलवतो, “आमच्या परीनं सगळं करू” म्हणतो, घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत कर्जाची चौकशी करतो.

कमी खर्चात लग्न कसं करावं, याचे सल्ले आज पुष्कळ मिळतात. फुलं कमी लावा, पत्रिका मोबाइलवर पाठवा, फोटोग्राफर एकच सांगा. सल्ले चुकीचे नाहीत, पण ते फार उशिरा येतात. लग्न किती रुपयांत होणार हे मंडईत किंवा सराफ बाजारात ठरत नाही, ते बैठकीतच ठरून जातं. तिथे जो आकडा कोणी बोलला नाही, तो पुढे सगळ्यांच्या मनात आपापल्या परीनं वाढत राहतो.

पश्चिम महाराष्ट्रात सुपारी फुटली की याद्या करतात. साड्या कोणी घ्यायच्या, मंगळसूत्र कोणाकडे, कार्यालय कोणाकडे, जेवण कोणाकडे, मानपानाचं काय, हे सगळं दोन्हीकडची वडीलमंडळी बसून कागदावर उतरवतात. पद्धत फार शहाणी आहे. फक्त त्या कागदावर कोण काय देणार ते असतं आणि सगळं मिळून किती खर्च करायचा ते नसतं. माझं एवढंच म्हणणं आहे की यादीची पहिली ओळ त्या एकूण रकमेची असावी. दोन्ही घरांनी मिळून, कर्ज न काढता, जमीन आणि मुदतठेव न मोडता जेवढं जमेल तेवढी. बाकीच्या ओळी मग त्या रकमेच्या पोटात बसवायच्या.

याच भागात ‘यादी पे शादी’ होते. याद्या करायला किंवा साखरपुड्याला म्हणून दोन्हीकडची जवळची माणसं जमतात, आणि त्यातलंच एखादं वडीलधारं म्हणतं, सगळे आलेच आहेत तर आजच अक्षता टाकून घेऊ. भटजींना निरोप जातो, हार येतात, साखरपुड्यासाठी शिजवलेलं जेवण लग्नाचं जेवण होतं आणि संध्याकाळी मुलगी सासरी जाते. गावाकडच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी कौतुकानं छापून येते. हे ज्यांनी सुचवलं त्या माणसाचं मला फार मोल वाटतं. मुलीच्या बापाला जे बोलता येत नव्हतं ते त्यांनी त्याच्यासाठी बोलून टाकलेलं असतं.

कारण अडचण बोलण्याचीच आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारनं आदेश काढला होता. लग्न एकाच सभागृहात, 2 तासांत, जास्तीत जास्त 25 माणसांत करायचं. मोडलं तर 50,000 रुपये दंड. त्या दिवसांत लागलेली लग्नं इतर कोणत्याही लग्नाइतकीच पक्की आहेत. त्या घरांत मुलंबाळं झाली, संसार चालू आहेत, आणि लग्न साधं झालं म्हणून कोणी कोणाला बोल लावला नाही. दुःखाचा काळ होता, त्याचं गुणगान करायचं नाही. पण तेव्हा कितीतरी आईबाप हळूच म्हणत होते की खर्चातून सुटलो. निर्बंध उठले आणि कार्यालयं पुन्हा पूर्वीसारखी भरली. 25 चा आकडा सरकारनं सांगितला होता तोवर कोणालाच कमीपणा नव्हता. तोच आकडा स्वतःच्या तोंडानं सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र तो कोणाला सांगता आला नाही.

समाजानं आकडा सांगून माणसांना सोडवावं, असा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. पुरोहित नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही. जोतिरावांनी मंगलाष्टकंही नवी रचली, ज्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. गाडगेबाबांनी कीर्तनांतून गावोगाव बजावलं की देणं करून लग्न करू नका. त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्रीत गरीब तरुण-तरुणींचं लग्न लावून देण्याचंही कलम आहे. म्हणजे बाबांचा राग लग्नावर नव्हता, कर्जावर होता. 2025 साली पुणे आणि अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठका झाल्या, त्यांतही थोड्या माणसांत लग्न करावं, प्री-वेडिंग आणि डीजे टाळावेत, कर्ज काढू नये, अशी आचारसंहिता पुढे आली. असले ठराव कागदावर राहतात असं म्हणून ते उडवून लावणं मला पटत नाही. बैठकीत बसलेल्या एखाद्या बापाला “समाजानंच ठरवलंय” असं म्हणता येणं, हा त्याच्यासाठी केवढा तरी आधार आहे.

पूर्वीचं सगळं साधं होतं, असंही नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जरोखे जाळले गेले, त्या सावकारी वह्यांत लग्नापायी काढलेलं कर्जही होतंच. आणि अलीकडचं म्हणाल तर 2017 साली लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं आपल्या लग्नाचा भार वडिलांना झेपणार नाही म्हणून जीव दिला. ज्यांनी कधी “फक्त लग्न चांगलं करून द्या” असं म्हटलं आहे, त्या प्रत्येकाला ही बातमी ठाऊक असावी असं मला वाटतं.

आता रकमेच्या पोटातल्या ओळी. सगळ्यांत मोठी ओळ जेवणाची, आणि ती पदार्थांपेक्षा माणसांवर वाढते. ताटाला 350 रुपये धरा. 700 माणसांच्या जागी 200 बोलावली तर एका जेवणात पावणेदोन लाख रुपये वाचतात. पदार्थ कितीही कापले तरी एवढे वाचत नाहीत, उलट पाहुणे अर्धपोटी उठतात. शहरात केटररला आकडा आधी द्यावा लागतो आणि 500 ताटं सांगून 380 माणसं आली, तरी पैसे 500 चेच जातात. म्हणून ‘येतीलच’ म्हणून धरलेल्या नावांवरून पुन्हा एकदा हात फिरवावा. गावाकडे अजून किराणा आपण भरून आचाऱ्याला नुसती मजुरी देता येते. घरात हिशेब ठेवणारं एक खंबीर माणूस असेल तर ते स्वस्त पडतं. नसेल तर तेल आणि काजू कुठे जातात ते कळत नाही, तेव्हा ताटावर ठरवलेलंच बरं.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी लग्न आणि संध्याकाळी रिसेप्शन, म्हणजे दोन जेवणं, दोन सजावटी आणि कार्यालयाचं पूर्ण दिवसाचं भाडं. गोरज मुहूर्त ही आपल्याकडची सुंदर सोय आहे. सूर्य मावळताना अक्षता पडतात, लगेच भेटीगाठी होतात आणि सगळे एकदाच जेवून घरी जातात. नोकरदारांना सुट्टी घ्यावी लागत नाही, उन्हाचा त्रास नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा आणि पुढे मे महिन्याच्या सुट्टीत रविवार धरला तर कार्यालय मागेल ते भाडं द्यावं लागतं. मधला एखादा बुधवार निवडला की तेच सभागृह, तोच मांडव निवांतपणे मिळतो. ज्यांना मुहूर्ताचं बंधन नाही त्यांना 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं रस्ता मोकळा आहे. 30 दिवसांची नोटीस, 3 साक्षीदार आणि जुजबी शुल्क. तिथून घरी येऊन अंगणात पंगत घालावी, श्रीखंड-पुरी करावी. नोंदणीचं लग्न रुक्ष असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अशी पंगत पाहिलेली नसते.

सोन्याचं बोलायला हवं, कारण 2025 मध्ये 10 ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला आणि मध्यमवर्गाचे सगळे जुने अंदाज कोलमडले. वर घडणावळ, वर 3 टक्के जीएसटी. नव्या हाराचा हट्ट इथे सोडावा. आजीच्या पाटल्या किंवा आईची मोडकी ठुशी घरात असेल तर त्याच सोन्यातून मंगळसूत्राच्या वाट्या घडवाव्यात. तीन पिढ्यांच्या बायकांनी अंगावर वागवलेलं सोनं त्या मुलीच्या गळ्यात येतं. दुकानातला कोणताही नवा दागिना मला याच्यापुढे थिटा वाटतो.

सजावट, पत्रिका, घोडा, ड्रोन यांच्यावर मी वेळ घालवत नाही. रक्कम ठरली की ते आपोआप गळतं.

एका गोष्टीची मात्र मनापासून खंत वाटते. लग्नातली कामं आता आपण सगळीच विकत घेतो. मांडवाला आंब्याचे डहाळे आणणारे चुलतभाऊ, हळद दळायला बसणाऱ्या शेजारणी, रुखवतासाठी महिनाभर आधीपासून राबणाऱ्या मावश्या-आत्या, पंगतीत कंबर मोडेस्तोवर वाढणारी पोरं, ही माणसं होती म्हणून मांडव उभा राहायचा. आहेराची वही होती. कोणी 11 रुपये दिले, कोणी 51, ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं किंवा थोडं जास्त परत करायचं. सगळ्या भावकीनं मिळून एका घराला हात द्यायची ती रीत होती. ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापण्यामागचा भाव चांगला आहे, पण ज्या घराला गरज आहे त्यानं तसं छापू नये असं माझं मत आहे. जवळच्यांना सरळ सांगावं की भांडीकुंडी, घड्याळं आणू नका. द्यायचंच तर पाकीट द्या किंवा एक दिवस या आणि कामाला लागा. मेंदी काढता येणारी बहीण आणि सनई-चौघड्याची जबाबदारी घेणारा मित्र प्रत्येक घरात असतोच. त्यांना नुसतं पाहुणं करून खुर्चीत बसवलं की खर्चही वाढतो आणि माणूसही दूर राहतं.

हौस करू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. गरिबाघरी लग्नाइतका आनंदाचा दिवस दुसरा उगवत नाही आणि तो कोणी कोरडा करू नये. नवरीला एक गोष्ट मनासारखी मिळावी. पैठणी हवी असेल तर पैठणी, चांगला फोटोग्राफर हवा असेल तर तो. एक तिची, एक त्याची. त्या दोन गोष्टींना कात्री लावायची नाही, हे दोन्ही घरांनी आधीच कबूल करावं. आणि हे विचारायला मुलामुलीला बैठकीत बसवावं. आज दोघंही बहुधा कमावती असतात, त्यांच्याच पगारातून पुढे हप्ते जाणार असतात, आणि तरी त्यांना चहा देऊन आत पाठवण्याची रीत कितीतरी घरांत अजून चालू आहे.

आकडा पहिल्यांदा कोणी बोलायचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलाच्या वडिलांनी किंवा आईनं. मुलीकडच्यांनी तो बोलला तर ती तक्रार ठरते, मुलाकडच्यांनी बोलला तर तो मोठेपणा ठरतो, आणि आपल्या समाजात अजून असंच आहे तर त्या मोठेपणाचा उपयोग करून घ्यावा. “आमच्याकडून एवढे, तुम्हाला जमतील तेवढे तुम्ही घाला, आणि आमची माणसं शंभरच्या वर येणार नाहीत.” एवढं म्हटलं की मुलीच्या बापाचा चेहरा कसा सैल होतो ते पाहावं.

राहिली ती यादीतून गाळलेली माणसं. खरा पेच त्यांचाच आहे. दूरचे मामा, जुन्या चाळीतले शेजारी, वडिलांच्या कचेरीतले सोबती. त्यांना न बोलावल्याचं दुःख दोन्ही बाजूंना होतं आणि त्याच धास्तीनं यादी फुगत जाते. त्यांना लग्नाआधी फोन करून स्पष्ट सांगावं की लग्न घरच्या घरी आहे, आशीर्वादाला आम्हीच येतो. केळवणाला कोणी बोलावलं तर जावं. लग्नानंतरचे दोन-चार रविवार मोकळे ठेवावेत आणि जोडीनं एकेका घरी जाऊन नमस्कार करून, चहा-पोहे घेऊन यावं. हजाराच्या गर्दीत रांगेत उभं राहून फोटो काढून गेलेल्या पाहुण्याला नवरीचं नावही नीट आठवत नाही. आपल्या घरी येऊन तासभर बोलत बसलेली नवी सून मात्र त्या मामांना आणि शेजाऱ्यांना ओळखीची होते, आणि पुढच्या वेळी ती एकटी आली तरी दार तिच्यासाठी उघडतं.