राजाच्या वनातील लाकूड

(वाचन : नहेम्या, अध्याय २ व ३)



सरकारापाशी मागणे हे विश्वासाच्या उणेपणाचे लक्षण नव्हे काय, असा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांतून आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. भगिनींच्या बचतगटाने डाळ भरडण्याच्या यंत्रासाठी अर्ज करण्याचे मनावर घेतले म्हणजे तो निघतो. आणि, खरे सांगावयाचे तर, विचारणारे बहुधा पुरुष असतात. त्यांस आम्ही नहेम्याकडे पाहावयास सांगतो.

यरुशलेमेचा कोट पडलेला आहे व वेशी जळालेल्या आहेत, हे वर्तमान त्यास किस्लेव महिन्यात कळले. तो रडला, त्याने उपास व प्रार्थना केली. आणि नीसान महिन्यात अर्तहशश्त राजापुढे त्याने मागितले. मध्ये सुमारे चार महिने गेले. ते त्याने केवळ अश्रू ढाळण्यात घालविले नसावेत. कारण किती दिवस लागतील असे राजाने विचारताच त्याने मुदत सांगितली. कोणत्या सुभेदारांस पत्रे हवीत ते सांगितले. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ ह्याजकडून लाकूड कशाकशासाठी हवे, हेही सांगितले. रखवालदाराचे नावसुद्धा त्यास ठाऊक होते! आपल्यापैकी कितीकांस आपल्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याचे नाव ठाऊक आहे?

आम्हीही ह्यात चुकलो आहोत. एका मंडळीसाठी आम्ही एका रात्रीत अर्ज लिहिला व आकडे मनाचेच घातले. साहेबांनी शांतपणे विचारले, ज्या जागेवर यंत्र बसविणार तिचा सातबारा कोणाच्या नावे आहे? आम्हांस उत्तर देता आले नाही. अर्ज परत आला. दोष त्या कचेरीचा नव्हता.

अनुदान म्हणजे फुकटचे धन, ही समजूतही सोडावी. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली जी योजना काढली तिचा नियम पाहा : खर्चाचे शेकडा ३५, तेही फार तर १० लाख रुपयांपर्यंत, सरकारचे, निदान शेकडा १० आपल्या गाठीचे, बाकीचे बँकेचे कर्ज. सरकारचा वाटाही हाती पडत नाही, तो कर्जाच्या पोटी बँकेतच जमा होतो. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे जे प्रभूने शिकविले, ते अर्जापूर्वीचे काम होय. यंत्राची किंमत सर्वच विचारतात; विजेचे बिल, तुरीचा भाव, आणि डाळ कोण घेणार, हे थोडे विचारतात.

आता एक अवघड गोष्ट. काही योजना अनुसूचित जातींकरिता राखलेल्या असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही गणना हिंदूंपुरती ठरली. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध तीत आले, ख्रिस्ती आले नाहीत. हा नियम न्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. तो बदलावा असे उघडपणे मागणे हा आपला हक्क आहे. परंतु अर्जातील धर्माच्या रकान्यापाशी लेखणी अडखळते, आणि दलाल कानाशी लागतो की, येथे दुसरे लिहा म्हणजे काम होईल. ज्या घरी लेकरे अर्धपोटी निजतात त्या घराचा न्याय आम्ही येथे खुर्चीत बसून करीत नाही. तथापि जो अर्ज प्रार्थनेने आरंभिला, त्याच्या पहिल्याच पानावर प्रभूस नाकारावे काय? पेत्रासही त्या रात्री विस्तवाजवळ ऊबच हवी होती.

शिवाय सर्व दारे बंद नाहीत. बचतगटांच्या उमेद अभियानात किंवा वर सांगितलेल्या योजनेत ख्रिस्ती असणे आड येत नाही. अल्पसंख्याकांसाठी १९९४ साली निघालेले राष्ट्रीय महामंडळ ख्रिस्ती लोकांसही कर्जे देण्यासाठीच आहे. ती दारे आधी ठोठवावीत. आणि धर्मशिक्षकांनो, अर्ज तुम्ही लिहून दिला तरी तो सही करण्यापूर्वी गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांस अक्षर येत नाही त्यांच्या डोक्यावरही ते कर्ज बसणार आहे.

पैसा आल्यावर वही उघडी ठेवावी. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला, आणि कोणता भाग कोणी बांधला ह्याची नोंद तिसऱ्या अध्यायात नावनिशीवार आहे. तीत शल्लूमाबरोबर त्याच्या कन्यांनी काम केले हे लिहिले आहे. आणि तकोवकरांतील थोरामोठ्यांनी कामास मान वाकविली नाही, हेही लिहिले आहे.