पाणी किती गार असेल?

प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बेथानीला पोहोचतो, तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेतच त्याला गाठते, मग मरिया येते, आणि कबरेकडे जाताना प्रभूला रडू येते. सेमिनरीत असताना या उताऱ्यापाशी मी नेहमी अडखळायचो. लाजरसला उठवायला आपण चाललो आहोत, हे प्रभूने शिष्यांना आधीच सुचवले होते. मग रडायचे कारण काय? जे दुःख थोड्याच वेळात संपणार आहे, त्यासाठी अश्रू कशाला? तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला असले प्रश्न फार सुचतात. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथालयात काही मिळाले नाही. थोडेफार मिळाले ते परदेशातल्या एका निर्जन किनाऱ्यावर, थंडगार पाण्यात उभे असताना.

त्याआधी एका माउलीविषयी सांगायला हवे. ती आपल्या धर्मग्रामातली नाही. तिची परवानगी घेऊनच लिहीत आहे, पण नाव-गाव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना, जानेवारीतल्या एका रात्री तिचा तरुण मुलगा बोटीवरून समुद्रात पडला. तिसऱ्या दिवशी तो सापडला. दफनविधीच्या मिस्सेत मी प्रवचन केले. चांगले झाले, असे लोक म्हणाले. पुनरुत्थान, आशा, देवाची अगम्य योजना, सगळे त्यात होते. एकही वाक्य खोटे नव्हते. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर ती साक्रिस्तीच्या दारात आली आणि म्हणाली, “फादर, तुम्ही बरं बोललात. पण मला एक सांगा, रात्रीचं पाणी किती गार लागलं असेल हो माझ्या पोराला?”

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा तो आता देवाच्या उबदार मिठीत आहे, असे काहीतरी बोललो. तिने मान हलवली आणि ती गेली. त्यानंतर कित्येक महिने कोणाच्याही दफनाला उभा राहिलो की माझे शब्द मलाच पुठ्ठ्यासारखे लागायचे. प्रार्थनेला बसलो तरी मन कोरडे. त्या घराकडे मी फिरकलोही नाही. कामे होती, हे खरे आहे. कामे नेहमीच असतात.

पुढे एका ऑक्टोबरमध्ये उत्तर इंग्लंडमध्ये सेवा करणाऱ्या माझ्या एका सेमिनरीतल्या सोबत्याने मला महिनाभर मदतीला बोलावले. तो मला लिंडिस्फार्न बेटावर घेऊन गेला. स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळ, इंग्लंडच्या ईशान्य टोकाला हे बेट आहे. लोक त्याला ‘होली आयलंड’, म्हणजे पवित्र बेट म्हणतात. वस्ती जेमतेम दीडएकशे माणसांची. इ.स. ६३५ मध्ये आयोना बेटावरून आलेल्या संत एडन यांनी इथे मठ स्थापला आणि त्या भागात शुभवर्तमान पोहोचवले. संत एडन पायी हिंडत. राजाने दिलेला घोडा त्यांनी एका भिकाऱ्याला देऊन टाकला, अशी कथा आहे. इथेच आठव्या शतकाच्या सुरुवातीला ‘लिंडिस्फार्न गॉस्पेल्स’ ही सुंदर लॅटिन हस्तलिखित पोथी तयार झाली. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने तिच्या ओळींच्या मधोमध आपल्या लोकांच्या बोलीत अर्थ लिहून ठेवला. इंग्रजीतले शुभवर्तमानाचे सर्वांत जुने उपलब्ध भाषांतर ते हेच. मराठीत मिस्सा करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या आल्ड्रेडविषयी जवळीक वाटल्यावाचून राहत नाही. इ.स. ७९३ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी मठ लुटला. आज दिसतात ते नंतर बांधलेल्या मठाचे अवशेष.

बेटावर जायला मोटाररस्ता आहे, पण दिवसातून दोनदा भरती तो गिळून टाकते. आपले कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तिथे रस्त्याच्या तोंडाशी छापील वेळापत्रक लावलेले असते. तरीही दर वर्षी कोणी ना कोणी ‘एवढ्यात काय होतंय’ म्हणून मोटार घालतो आणि मध्येच अडकतो. अशांसाठी खांबांवर उभारलेली एक पांढरी लाकडी खोली आहे. वर चढायचे आणि मोटार बुडताना पाहत बसायचे.

आम्ही मात्र यात्रेकरूंच्या जुन्या वाटेने, ओहोटी लागल्यावर, अनवाणी चालत गेलो. चिखल-वाळूतून रोवलेल्या उंच खांबांच्या ओळीने सुमारे पाच किलोमीटर. प्रार्थना करत जाऊ असे ठरले होते. प्रत्यक्षात माझे सगळे लक्ष पायांकडे! घोटाभर चिखल, आणि तोही असा गार की बोटे आहेत की नाहीत ते समजेना. पण वास ओळखीचा होता. आपल्या खाजणात ओहोटीच्या वेळी येतो तोच, मिठाचा आणि कुजक्या गवताचा. तिवरे तेवढी नाहीत, त्यांच्या जागी खुरटे खारगवत आहे. या दलदलीला १९६४ पासून राखीव निसर्गक्षेत्राचे संरक्षण आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून ब्रेंट जातीचे काळसर कलहंस हिवाळा काढायला इथे उतरतात आणि चिखलात वाढणारे सागरी गवत खातात. आम्ही चाललो होतो तेव्हा दूरवर त्यांचा थवा चरत होता. आपण ज्याला पडीक जमीन म्हणून भराव टाकतो, त्या चिखलासाठी हे पक्षी समुद्र ओलांडून येतात!

दुपारी गाव मागे टाकून वाळूच्या टेकड्यांतून आम्ही उत्तरेकडच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे दुकान नाही, बाक नाही, माणूस नाही. नजर पोहोचेल तिथवर ओली वाळू आणि शिशाच्या रंगाचा समुद्र. लांब वाळूच्या दांड्यावर सील पहुडले होते. वाऱ्यावर त्यांचा आवाज यायचा, कोणी दूर हुंदके देत असावे तसा. सोबती म्हणाला, “संत कथबर्टची गोष्ट ठाऊक आहे ना?” मला ठाऊक नव्हती. परवाच्या शुक्रवारी, २० मार्चला, त्यांचा सण झाला. इ.स. ६८७ मध्ये याच तारखेला, जवळच्या इनर फार्न बेटावरील आपल्या झोपडीत ते प्रभूघरी गेले. ते लिंडिस्फार्नच्या मठाचे प्रमुख होते, पुढे बिशप झाले. इनर फार्नवर घरटी करणाऱ्या आयडर बदकांना त्यांनी अभय दिले होते, अशी परंपरा सांगते. त्या भागातले लोक अजूनही त्या बदकांना ‘कडीची बदके’ म्हणतात. कडी म्हणजे कथबर्ट.

त्यांची जी गोष्ट सोबत्याने सांगितली, ती संत बीड यांनी आठव्या शतकात लिहून ठेवली आहे. कथबर्ट एकदा उत्तरेकडच्या कोल्डिंगहॅम इथल्या मठात पाहुणे म्हणून गेले होते. रात्री सगळे झोपल्यावर ते एकटेच बाहेर पडत. कुठे जातात ते पाहायला एक मठवासी लपतछपत मागे गेला. कथबर्ट समुद्रात शिरले, गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले आणि रात्रभर देवाची स्तुती करत राहिले. पहाटे बाहेर येऊन त्यांनी वाळूवर गुडघे टेकले. तेव्हा पाण्यातून दोन पाणमांजरे आली. त्यांनी आपल्या श्वासाने त्यांच्या पायांना ऊब दिली, अंगावरच्या केसांनी पाय पुसले, आणि आशीर्वाद घेऊन ती समुद्रात परतली. लपून पाहणारा तो मठवासी मात्र भीतीने आजारी पडला. दुसऱ्या दिवशी त्याने क्षमा मागितली, तेव्हा बरा झाला.

गोष्ट ऐकून मला काय झाले कोण जाणे. पँट गुडघ्यावर दुमडली आणि मी पाण्यात शिरलो. बारा अंशांच्या आसपासचे ते पाणी. तुम्ही-आम्ही ज्या समुद्रात वाढलो तो बारा महिने कोमटच. पहिल्या लाटेला माझा श्वासच अडकला. दुसऱ्या लाटेने पँट कमरेपर्यंत भिजली. पाय आधी दुखले, मग हाडापर्यंत सुया टोचल्यासारखे झाले, मग बधिर. स्तुतीबिती काही सुचेना. आणि त्या क्षणी, बोलावले नसताना, त्या माउलीचा प्रश्न आठवला. पाणी किती गार लागलं असेल?

तिने मला प्रश्न विचारलाच नव्हता, हे मला तिथे कळले. रात्र झाली की ती स्वतःच त्या पाण्यात उतरत होती, लेकराशेजारी उभी राहत होती. तिने मला एवढेच सांगितले होते की ती कुठे आहे. आणि मी किनाऱ्यावर, कोरड्या कपड्यांत, पुनरुत्थानाविषयी बोलत होतो. पुनरुत्थान खरे आहे. त्यावर माझे पौरोहित्य उभे आहे. पण तो लपलेला मठवासी मीच होतो. लोकांचे दुःख मी फार जवळून पाहिले होते, एकदाही ओला न होता. आजारी पडायला तेवढे पुरते.

प्रभू कबरेपाशी का रडला, हे मला आता थोडे समजते. पाणी ओसरणार आहे हे त्याला ठाऊक होते, तरी तो आधी मरियेजवळ पाण्यात उतरला. ‘लाजरस, बाहेर ये’ ही हाक त्यानंतरची.

पाणमांजरांचेही मला नवल वाटते. त्यांनी कथबर्टना काही सांगितले नाही, थंडीचा अर्थ समजावला नाही. पायांवर श्वास सोडला, पाय पुसले आणि गेली. ही घटना जशीच्या तशी घडली का, असे कोणी विचारील. माझ्यातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थीही विचारतो. पण त्या पाण्यातून बाहेर आल्यावर सोबत्याने काही न बोलता आपला लोकरी मफलर काढून माझे पाय चोळले, तेव्हा मी तो वाद पुढे ढकलला. बराच वेळ आम्ही तसेच बसून होतो. पलीकडे भरती चढू लागली होती. आता काही तास तरी बेटावरून कोणाला निघता येणार नव्हते, म्हणून घाईही नव्हती.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या माउलीच्या घरी गेलो. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. तिने मुलाचे शर्ट दाखवले, त्याच्या वहीतली अक्षरे दाखवली. मी बसून राहिलो. मग तिला सांगितले, “बाय, तिकडच्या गार पाण्यात उभा राहिलो होतो. तुमचं बोलणं आठवलं.”

तिने विचारले, “किती वेळ उभे होता?”

“दोन-तीन मिनिटं.”

“बस्स?” ती म्हणाली, आणि हसली. हसता हसता रडली. या खेपेला माझेही डोळे कोरडे राहिले नाहीत.

आपल्या धर्मग्रामात गेल्या पास्खापासून ज्या घरांत कोणी देवाघरी गेले आहे, त्या प्रत्येक घरी मी येत्या दोन आठवड्यांत संध्याकाळी येणार आहे. घरांची यादी कार्यालयाबाहेर लावली आहे. कोणाचे नाव राहिले असेल तर वेदीसेवकांकडे चिठ्ठी द्या. प्रार्थनासभा ठेवू नये, शेजाऱ्यांना आमंत्रण देऊ नये, खाण्यापिण्याची तयारी करू नये. बसायला एखादी चटई पुरे.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू