उरलेले पंधरा

२००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्याची बातमी मी तेव्हा मोठ्या उत्साहानं चार जणांना सांगितली होती. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटानं १७ जणांवर जनुकोपचाराचा प्रयोग केला होता. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग या सगळ्यांच्या शरीरात पसरलेला होता. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, विषाणूमार्फत त्यांत कर्करोग ओळखणारी जनुकं घालायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. त्यांना जागा व्हावी म्हणून रुग्णाच्या मूळच्या प्रतिकारपेशी आधी औषधांनी जवळपास संपवायच्या. दीड वर्षानंतरही दोघांच्या शरीरात कर्करोगाचा मागमूस नव्हता. उरलेल्या १५ जणांना गुण आला नाही.

बातमी दोघांची झाली. मला आता ते १५ आठवतात.

मरणाच्या दारातल्या माणसाची संमती खरी असते का? बुडत्याला काडीचाही आधार वाटतो, तो कशावरही सही करेल, हा आक्षेप मला पुरता पटत नाही. मरणाऱ्याला कळत नाही असं गृहीत धरणं हा त्याचा अपमान आहे. ‘मला नाही, तर माझ्यामागून येणाऱ्याला तरी उपयोग होईल’, असा विचार करूनही माणूस हो म्हणतो.

अडचण दुसरीकडे आहे. १९८२ साली पॉल ॲपलबॉम आणि सहकाऱ्यांनी एका गैरसमजाकडे लक्ष वेधलं: अनेक रुग्ण प्रयोगालाच उपचार समजतात. उपचार त्या एका माणसासाठी असतो. प्रयोगाला उत्तर हवं असतं, आणि ‘गुण आला नाही’ हेही उत्तरच. पांढरा कोट मात्र दोन्हीकडे तोच. त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे, आणि तो दूर करणं हे कोट घालणाऱ्याचं काम आहे.

म्हणजे आशा हिरावून घ्यायची का? नाही. आशा रुग्णाची स्वतःची असते. सगळं कळल्यावरही तो ती बाळगू शकतो. खोटी अपेक्षा मात्र दुसऱ्यानं दिलेली असते. ‘यातून आम्ही शिकू, तुम्ही वाचाल याची शक्यता कमी आहे’, हे समोर बसून सांगता येत नसेल, तर सही मागू नये.

हे ऐकून, समजून जो हो म्हणतो, तो वाचला नाही तरी त्या ज्ञानात भागीदार असतो. बातमी सांगताना मी फक्त दोघंच मोजले, ही माझी चूक होती.